उथळ पाण्यातील आमिष

आमिष या शब्दाचा मूळ अर्थ मांस. म्हणूनच मांसविरहित अन्नास आपण निरामिष म्हणतो. गळास लावलेला मांसाचा तुकडा ते आमिष, आणि पुढे मोहात पाडणारी कोणतीही वस्तू ते आमिषच, असा या शब्दाचा प्रवास झाला. या प्रवासात दोष मात्र आमिष लावणाऱ्याकडून त्यास भुलणाऱ्याकडे नकळत सरकला. मासा लोभाने गळाला लागला, असे म्हणून आपण मोकळे होतो. हा न्याय कितपत खरा?

पावसाळ्याच्या अखेरीस तलासरीकडील ओढ्याकाठी गळ टाकून बसलेली मुले पाहावीत. पाणी जेमतेम गुडघाभर. अशा पाण्यात माणसाची सावली पडली तरी मासा दूर पळतो. म्हणून दोरी बारीक आणि आमिष हलके, आवाज न करता पडणारे असावे लागते. तळाशी मिशांनी चव घेत फिरणाऱ्या मागुरास गांडूळ हवे; रोहूच्या जातीचे मासे कणकेच्या गोळीस येतात; मरळास हालता बेडूक लागतो, आणि हौशी शिकारी त्याच्यासाठी रबराचा बेडूक आणतात. आमिष निवडणे म्हणजे स्वतःची आवड बाजूस ठेवून दुसऱ्याची गरज ओळखणे होय. आई मुलाची भूक ओळखते ती याच ज्ञानाने. ज्ञान तेच, हेतू तेवढा पालटतो.

मरळाची गोष्ट तर विचार करण्याजोगी आहे. हा मासा आपल्या पिलांची राखण करतो. पिलांच्या थव्याजवळ काही हालले, की तो त्यावर झडप घालतो. हे ठाऊक असलेला शिकारी नेमका तेथेच रबरी बेडूक टाकतो. आता हा मासा कोणत्या लोभाने गळास लागला? त्यास भूकही नसेल. त्यास गळापाशी आणले ते वात्सल्याने.

याच डहाणू-तलासरीच्या भूमीत एके काळी माणसांसाठीही असा गळ होता. वारली तरुण लग्नासाठी जमीनदाराकडून थोडे पैसे घेई, आणि त्याच्या फेडीसाठी वर्षानुवर्षे, कित्येकदा आयुष्यभर, पत्नीसह त्याच्याकडे राबे. त्यास 'लग्नगडी' म्हणत. 23 मे 1945 रोजी झरी येथे वारली एकत्र जमले आणि वेठीविरुद्धचा त्यांचा लढा उभा राहिला. गोदावरी परुळेकर यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात तो सांगितला आहे. वेठबिगारी बंद करणारा देशव्यापी कायदा 1976 साली झाला. तरीही वीटभट्टीच्या हंगामापूर्वी हाती पडणारी उचल पुष्कळ कुटुंबांस आजही बांधून ठेवते.

यावर कोणी म्हणेल, की पैसे खरे होते आणि ते राजीखुशीने घेतले होते. परंतु गांडूळही खरेच असते! आमिषाचा खोटेपणा त्या वस्तूत नसतो, तिच्यात दडविलेल्या काट्यात असतो. राजीखुशीचे म्हणाल, तर उथळ पाण्यातील माशास जाण्यास दुसरी जागा कोठे असते? ज्याची गरज वरूनच दिसते, त्याच्यासाठी आमिष निवडणे फार सोपे. आणि संसार मांडावा ही इच्छा लोभ ठरत असेल, तर निर्लोभी मनुष्य शोधावा तरी कोठे?

भाकरीबरोबर कालवण व्हावे म्हणून मासे धरणाऱ्या मुलास मी दोष देत नाही. तो मासा धरतो, खातो. त्यास वर लोभी ठरवीत नाही, की आपण त्यास गांडूळ दान केले असेही म्हणत नाही. ही ढोंगबाजी आपण शहाणी माणसे करतो.

आपण, असे मी म्हटले, ते उगाच नव्हे. आमच्या घरी काम करणाऱ्या बाईंनी मुलीच्या लग्नासाठी आगाऊ पैसे मागितले, तेव्हा मी ते तत्काळ दिले. त्या सद्गदित झाल्या. घरातील मंडळींनी माझे कौतुक केले. परंतु पैसे मोजताना, आता या दोन वर्षे तरी काम सोडणार नाहीत, हा विचार माझ्या मनात येऊन गेला होता. मी तो कोणासही सांगितला नाही. पुढे त्यांस दुसरीकडे अधिक पगाराचे काम मिळत होते. माझे पैसे फिटावयाचे आहेत म्हणून त्या गेल्या नाहीत. मी त्यांस अडविले नाही, हे खरे. पण जा, असेही म्हटले नाही.