पडद्यावर भाषण, कोर्टात कागद

बाबूराव पेंटरांनी 1925 साली कोल्हापुरात ‘सावकारी पाश’ काढला. कथा नारायण हरी आपट्यांची, तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम. सावकार खोट्या दस्ताच्या जोरावर जमीन घशात घालतो आणि शेतकरी शहरात जाऊन गिरणीकामगार होतो. चित्रपट मूक, त्यामुळे वकिलाच्या घणाघाती भाषणाला त्यात जागाच नव्हती. पण एक सत्य त्यानं नेमकं पकडलं: गरीब माणूस कोर्टाची पायरी चढण्याआधीच कागदावर हरलेला असतो.

पुढं बोलपट आले आणि पडद्यावरचं कोर्ट ही बोलण्याची जागा झाली. ‘दामिनी’सारख्या चित्रपटांत वकील गरजतो आणि निकाल फिरतो. साक्षीदार गीतेवर हात ठेवतो. 1969च्या शपथ कायद्यात मात्र कुठल्याच ग्रंथाचं नाव नाही. दिवाणी दाव्यात सरतपासणी प्रतिज्ञापत्रावर होते, उलटतपास कागदाला धरून चालतो आणि ज्या कागदावर निशाणी पडलेली नाही, तो कितीही खरा असला तरी पुराव्यात येत नाही. न्यायाधीशांपुढं एकदा मन मोकळं केलं की न्याय मिळेल, ही समजूत घेऊन माणसं येतात. तिथंच त्यांचं नुकसान होतं.

या बाबतीत चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’ मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. सफाई कामगाराला आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा आरोप एका लोकशाहिरावर येतो. मृताची पत्नी साक्षीत साध्या शब्दांत सांगते, की त्याला कामावर सुरक्षेची साधनं मिळत नव्हती. तिच्या तोंडी एकही टाळीचं वाक्य नाही, तरी खटल्याचा पाया हलतो. तारखा मात्र पडतच राहतात.

हक्क वापरायला अंतरही आड येतं. कोल्हापूरकराला रिट किंवा अपिलासाठी पावणेचारशे किलोमीटरवरची मुंबई गाठावी लागे. वकिलांनी चार दशकं लढा दिला, तेव्हा 18 ऑगस्ट 2025 रोजी उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्याखाली येतात. अंतर घटलं, तरी उच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत चालतं. ज्याची जमीन गेली त्याला आपल्याच दाव्यातला युक्तिवाद समजत नसेल, तर हक्क अजून अर्ध्या वाटेवरच आहे.

अटकेचंही तसंच. पडद्यावर बेड्या पडतात आणि दृश्य संपतं. संविधानाचं 22वं कलम चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांपुढं हजर करायला सांगतं. नोव्हेंबर 2025मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की अटकेची कारणं लेखी आणि त्या माणसाला कळणाऱ्या भाषेत द्यायला हवीत. म्हणजे इथंही संरक्षण आहे ते कागदातच.

आज ‘सावकारी पाश’मधला शेतकरी आला, तर 2014च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमाखाली जिल्हा उपनिबंधकांकडं अर्ज करू शकेल, अवैध सावकारीत गेलेली जमीन परत देण्याचा अधिकार त्यांना आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरण असतं. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती आणि कोठडीतल्या कुणालाही तिथं उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. ही खोली कुठल्या चित्रपटात दिसत नाही, म्हणून लोकांना ती ठाऊकच नसते.

तेव्हा वाचकांना कळकळीची विनंती: फिर्याद दिलीत तर एफआयआरची प्रत मागा, ती विनामूल्य मिळते. निकाल लागला की त्याच दिवशी नकलेसाठी अर्ज करा. दिवाणी अपिलाला जिल्हा न्यायालयात तीसच दिवस असतात, पण नक्कल मिळायला लागलेला वेळ त्यातून वगळला जातो. आणि वाचल्याशिवाय कुठंही सही करू नका.