मायंच फोल्डर अन् मलेच परवानगी नाही?

बाबांनी डबल क्लिक केलं. थांबले. चष्मा कपाळावर सरकवून स्क्रीनच्या अगदी जवळ गेले आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मायंच फोल्डर अन् मलेच परवानगी नाही? हे कोनाचं राज्य आलं बे?"

दिवाळीला वलगावला गेलो होतो. घरातला डेस्कटॉप मी इंजिनिअरिंगला असताना घेतलेला, सुरू व्हायला दहा मिनिटं घ्यायचा. मी नवीन एसएसडी बसवली, त्यावर विंडोज टाकलं, जुनी हार्डडिस्क दुसरी ड्राइव्ह म्हणून जोडली. बाबांचं अकाउंट त्याच नावाने आणि त्याच पासवर्डने बनवलं. तरी जुन्या डिस्कवरचं त्यांचं फोल्डर उघडेना. मेसेज आला की सध्या तुम्हाला परवानगी नाही. पुढे जायचं बटण दाबलं तर ॲडमिनचा पासवर्ड मागितला. म्हणजे माझा. कारण दोन वर्षांपूर्वी त्यांनी बँकेच्या नावाने आलेली कसलीतरी फाईल उघडली, तेव्हापासून मी त्यांना साधं अकाउंट दिलं होतं आणि ॲडमिन स्वतःकडे ठेवलं होतं. काळजीपोटी. निदान तेव्हा मी त्याला काळजी म्हणत होतो.

हे असं का होतं, ते सोपं आहे. विंडोज माणसाला नावाने ओळखत नाही. अकाउंट बनतं तेव्हा त्याला एक लांबलचक क्रमांक मिळतो आणि प्रत्येक फाईलवर मालक म्हणून तो क्रमांक लिहिलेला असतो. विंडोज नव्याने टाकलं की नाव तेच राहतं, क्रमांक बदलतो. सातबाऱ्यावर माणूस जाऊन कितीतरी वर्षं झाली तरी वारसनोंद होईपर्यंत त्याचंच नाव राहतं. इथे उलटं झालं होतं. बाबा समोर खुर्चीवर बसलेले, पण संगणकाच्या लेखी जुने बाबा गेले होते आणि त्यांच्या नावाचा कुणी परका दार वाजवत होता.

"कर काही तरी," म्हणाले आणि चहाला आत गेले.

उपाय पाच मिनिटांचा होता. काळी खिडकी उघडायची, 'टेकओन' ही आज्ञा द्यायची. मालकी घ्या. मग दुसऱ्या आज्ञेने कुणाला काय करता येईल ते ठरवायचं. शेवटी मालकी बाबांच्या नावावर करायची. पहिली आज्ञा हाताच्या सवयीने दिली आणि स्क्रीनवर ओळी पळायला लागल्या. ही आज्ञा एकेका फाईलचं नाव सांगत जाते, की ही आता तुमची झाली, ही पण तुमची झाली. पेन्शनचे कागद, सोयाबीनचा विमा, शाळेच्या स्नेहसंमेलनाचे फोटो, आईच्या तपासण्यांचे रिपोर्ट. आणि मध्येच माझ्या नावाचं एक फोल्डर. त्यात एकच एक्सेल फाईल.

मी ती उघडली.

आपल्याकडे शेताला रस्ता नसेल तर तो मागता येतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ प्रमाणे तहसीलदार दुसऱ्याच्या शेताच्या बांधावरून वाट देऊ शकतो. वऱ्हाडात पांदणीचे आणि बांधाचे वाद पिढ्यानपिढ्या चालतात, त्यामुळे हे कलम नंबरासकट माहीत असलेले म्हातारे गावोगाव सापडतील. पण त्या वाटेचा अर्थ सगळ्यांना ठाऊक असतो. तुम्ही बैल न्या, ट्रॅक्टर न्या, डोक्यावरून कडबा न्या. जाता जाता शेजाऱ्याच्या तुरीच्या शेंगा तोडायच्या नाहीत. जाण्याचा हक्क वेगळा, तोडण्याचा वेगळा.

मला बाबांनी वाट दिली होती. मी शेंग तोडली.

आता माझा धंदाच असा आहे की हा फरक रोज समोर येतो. १९६९ पासून बेल लॅब्समध्ये युनिक्स घडत गेलं आणि त्यातली परवानग्यांची पद्धत आजही आपल्या फोनच्या तळाशी आहे. वाचणं, लिहिणं, चालवणं. मालक, गट, बाकीचे. आणि या सगळ्यांच्या वर एक रूट, ज्याला कुणी अडवत नाही. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या बफेलोच्या विद्यापीठात 'सुडो' नावाचा छोटा प्रोग्रॅम लिहिला गेला. रूटचा पासवर्ड न वाटता रूटची ताकद हवी तेवढीच देता यावी, म्हणून. तो पहिल्यांदा वापरताना एक छोटी सूचना दाखवतो: दुसऱ्याच्या खासगीपणाचा मान ठेव, टाईप करण्याआधी विचार कर, मोठ्या ताकदीबरोबर मोठी जबाबदारी येते. मी ती किती वेळा न वाचता पुढे गेलोय, मोजलेलं नाही. पण बघा, ज्या माणसांनी सर्व कुलपं उघडणारी किल्ली बनवली त्यांनाही हे समजलं होतं की पुढचं काम कोडने होणार नाही. तिथे नुसतं सांगणंच उरतं.

ही किल्ली फक्त इंजिनिअरकडे असते असंही नाही. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात तुम्ही स्क्रीन बदलायला फोन देता, तेव्हा तो पोरगा पॅटर्न विचारतो, कागदाच्या चिठ्ठीवर काढतो आणि चिठ्ठी फोनच्या पाठीला चिकटवतो. तुमचं सगळं आयुष्य दोन दिवस त्या काउंटरखाली पडलेलं असतं. त्याने गॅलरी उघडली नाही, हे तुम्हाला कशावरून कळतं? कळत नाहीच. तुम्ही फक्त धरून चालता.

एक्सेलमध्ये काय होतं ते सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं बोलणं खोटं होईल. माझ्या कॉलेजच्या चार वर्षांची फी, होस्टेल, पहिला लॅपटॉप. मला सांगितलेलं होतं की हे सगळं बाबांच्या भविष्य निर्वाह निधीतून झालं. शीटमध्ये दुसरंच होतं. त्यातले दोन लाख ऐंशी हजार काकाने दिले होते. त्याच्या शेजारच्या रकान्यात बाबांनी वेळोवेळी परत केलेल्या रकमा. तळाशी बाकी: साठ हजार.

काका आमच्याकडे यायचा बंद झाला २०१८ मध्ये. मी तेव्हा होस्टेलवर होतो. वाटण्यांवरून वाकडं आलं असेल, काकाच हावरट असेल, असं मी ठरवून टाकलं होतं. सात वर्षं मी त्या माणसाला एक फोन केला नाही. माझी फी भरणाऱ्या माणसाला.

तुम्ही म्हणाल, मग बरंच झालं की पाहिलंस. मी दोन दिवस स्वतःला हेच म्हणत होतो. शिवाय फोल्डरला माझं नाव होतं. माहिती माझ्याबद्दलची, पैसे माझ्यावर खर्च झालेले; मग ती फाईल कुणाची? लिहिणाऱ्याची की जिच्याबद्दल लिहिलंय त्या व्यक्तीची? विंडोजला हा प्रश्नच पडत नाही, त्याच्याकडे मालकाचा एकच रकाना आहे. कायदाही इथे मदतीला येत नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटाचा कायदाही झाला. पण कुणी आपल्या वैयक्तिक किंवा घरगुती कामासाठी डेटा हाताळला तर तो कायदा लागू होत नाही, असं त्यातच लिहिलंय. उंबऱ्याच्या आत आपलं आपण बघायचं.

आणि उंबऱ्याच्या आत आपण काय करतो? आई माझी बॅग उघडते, मी न विचारता ताईचा फोन उचलतो, मावशी सगळ्यांसमोर पगार विचारते. घरात कसली प्रायव्हसी, हे आपण अभिमानाने सांगतो. त्यात प्रेम आहे, मी नाकारत नाही. पण त्याच घरात एका माणसाने एक गोष्ट सात वर्षं एका फोल्डरात ठेवली होती. पोराला ओझं होऊ नये म्हणून असेल, स्वतःची लाज असेल. कारण काहीही असो, ती केव्हा सांगायची हे ठरवणं त्यांच्या हातात होतं. मी नुसतं गुपित नाही घेतलं, त्यांचं सांगणंही घेतलं. मला सत्य कळलं याचा मला पश्चात्ताप नाही, आणि ते ज्या तऱ्हेने कळलं ते बरोबर होतं असंही मला म्हणता येत नाही. या दोन्ही गोष्टी एकत्र बसत नाहीत हे मला कळतं. मी त्या तशाच ठेवल्या आहेत.

त्या बटणावरच्या मेसेजमध्ये एक शब्द आहे, ज्याच्यावरून आपली नजर घसरते. तो म्हणतो, या फोल्डरची 'कायमची' परवानगी मिळवा. एकदा डोकावण्याची सोय नाही. पुढे जा म्हटलं की त्या फोल्डरच्या यादीत तुमचं नाव चढतं आणि कुणी काढेपर्यंत राहतं. मला ही पूर्वी वाईट रचना वाटायची. आता वाटतं, निदान ती खरं बोलते. परवानगी काढून घेता येते. वाचलेलं परत देता येत नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही पेढी नदीच्या पुलापर्यंत चालत गेलो. गाडगेबाबा २० डिसेंबर १९५६ ला अमरावतीकडे नेताना इथेच गेले. आमच्या गावाची ओळखच ती. ज्याने एवढ्या धर्मशाळा उभ्या केल्या आणि एकीवरही स्वतःची मालकी ठेवली नाही, त्या माणसाच्या पुलावर मी मालकीबद्दल बोलायचं होतं. उगाच ओशाळायला झालं.

"बाबा, ते फोल्डर दुरुस्त करताना मी माझ्या नावाची फाईल उघडली. तुम्हाला विचारलं नाही."

बाबा बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिले.

"पाह्यलं त पाह्यलं," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "काकाले नको सांगजो तुले माईत हाये म्हून. त्यानंच मले सांगतलं होतं, पोराले कळू नको देजो."

"मग भांडण कशावरून झालं?"

"ते त्या फाईलीत नाही," बाबा म्हणाले. आणि मी पुढे विचारलं नाही.

पाडव्याला मी काकाच्या पाया पडायला गेलो. त्याने पुण्यातल्या पावसाचं विचारलं, काकूने चकल्या दिल्या. साठ हजारांबद्दल मी काही बोललो नाही. बोलता येणार नव्हतं.

निघायच्या आदल्या रात्री बाबांनी संगणकासमोर बोलावलं. "कोनाकोनाले दिसते हे, ते कुठं लिहून रायते?" मी सिक्युरिटीचा टॅब उघडून दाखवला. यादीत त्यांचं नाव होतं, माझं होतं. त्यांनी माझ्या नावावर क्लिक केलं आणि 'रिमूव्ह' दाबलं.

"आता नाही दिसत तुले?"

"नाही. पण ॲडमिन मी आहे, मनात आलं तर परत घेऊ शकतो."

"मंग काय फायदा?"

त्यांना ॲडमिन केलं तर पुन्हा कसली तरी फाईल उघडतील ही भीती मला होती, आजही आहे. तरी केलं. माझं अकाउंट साधं केलं. पासवर्डच्या चौकटीवर कर्सर ठेवला आणि मी दाराकडे तोंड करून उभा राहिलो. मागे एका बोटाने टाईप केल्याचा आवाज, मध्येच बॅकस्पेस, मग पुन्हा पहिल्यापासून.

"झालं का?"

"थांब," बाबा म्हणाले. "आणखी एकदा टाकाले सांगून रायला."