मुख्याध्यापकांची सही म्हणजे आईची संमती नव्हे

दार लावून घे आणि समोर उभा राहा. बस म्हणाले नाही मी.

हे 42 फॉर्म तुझेच ना? पालकांच्या सहीच्या जागी 42 वेळा एकच सही, एकाच निळ्या शाईत, खाली आश्रमशाळेचा शिक्का. मुख्याध्यापकांनी एका बैठकीत सह्या उरकल्या आणि त्याच दुपारी तू मुलींचं रक्त काढून मोकळा झालास. एथिक्स कमिटीची मीटिंग आहे पुढच्या गुरुवारी. परवानगीचा पत्ता नाही आणि हिमोग्लोबिनचे आकडे एक्सेलमध्ये भरून तयार!

‘मॅडम, कमिटी ही फॉर्मॅलिटीच असते.’ हा शब्द माझ्यासमोर पुन्हा काढायचा नाही. त्या कमिटीत किमान सात जण लागतात. अध्यक्ष संस्थेबाहेरचाच लागतो, कारण घरचा माणूस घरच्या चुका पोटात घालतो. कायदा जाणणारा लागतो, आणि डॉक्टर नसलेला एक साधा माणूसही. मागे अशाच एका बाईंनी प्रपोजल वाचून विचारलं, ‘पाच एमएल म्हणजे किती हो?’ सगळे डॉक्टर गप्प. ‘एक चमचा’ एवढे दोन शब्द लिहायचं कुणाला सुचलं नव्हतं. तुझ्या फॉर्मात काय आहे? ‘शिरेतून रक्तनमुना संकलित करून विश्लेषण करण्यात येईल.’ अरे, त्या मुलींच्या आया पावरी बोलतात. त्यांनी यातून काय समजायचं?

2009 साली तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात एचपीव्ही लशीचा प्रकल्प झाला. आदिवासी वसतिगृहांतल्या मुलींच्या संमतीपत्रांवर आईबापांऐवजी वॉर्डनच्या, मुख्याध्यापकांच्या सह्या निघाल्या. 2010 मध्ये प्रकल्प थांबवावा लागला, 2013 मध्ये संसदीय समितीनं कडक ताशेरे ओढले. आयसीएमआरची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं तुझ्या कपाटात आहेत, उघडलीस कधी? शाळेची परवानगी म्हणजे आवारात पाऊल टाकायची मुभा, मुलीच्या दंडाला पट्टा बांधायची नव्हे. त्यासाठी आईबापांची संमती लागते. आईला लिहिता येत नसेल, तर तिचा अंगठा आणि सगळं वाचून दाखवताना हजर असलेला त्रयस्थ साक्षीदार. आणि सात वर्षांपुढच्या मुलीचा स्वतःचा होकारही.

एक मुलगी हात मागे घेत होती, तिला कसं ‘समजावलं’, हे तूच मला कौतुकानं सांगितलंस. हात मागे घेणं म्हणजे नाही म्हणणं. तेवढंही तुला ऐकू आलं नाही?

आता नीट ऐक. मागाहून मंजुरी मिळत नसते. हे 42 आकडे थिसिसमध्ये येणार नाहीत, एकही नाही. झाला प्रकार मी आजच कमिटीच्या मेंबर सेक्रेटरींना लेखी कळवते. गाईड म्हणून माझं लक्ष कमी पडलं, तेही त्यात लिहिते. फॉर्म नव्यानं लिही, पावरी जाणणाऱ्या माणसाकडून वाचून घे, मंजुरीचं पत्र हातात पडेपर्यंत थांब. सहा महिने गेले तरी चालतील.

आकडे थिसिसला निरुपयोगी असले, तरी त्या मुलींचे आहेत. ज्यांचं हिमोग्लोबिन कमी आहे, त्यांचे रिपोर्ट उद्या सकाळी स्वतः त्यांच्या घरी पोचव आणि आरोग्य केंद्रात त्यांचे उपचार सुरू करून दे. मंजुरी मिळाल्यावर पुन्हा जाशील, तेव्हा त्या मुलीसमोर बस, तिच्या भाषेत विचार. तिनं हात मागे घेतला, तर सुई खाली ठेव आणि ऊठ.