धनकोने दाराबाहेर थांबावे

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर 'ताबा सूचना' अशा मथळ्याच्या चौकटी छापून येतात. चहा पिता पिता आपण त्यांतली नावे वाचतो. खरे सांगायचे तर ओळखीचे एखादे नाव सापडते का, ते शोधतो. सापडले की रविवारी मिस्सानंतर चर्चच्या आवारात कुजबुज होते. 'हप्ते भरले नाहीत, मग दुसरे काय होणार?' असे म्हणणारे आपणच.

पण ज्याने शब्द मोडला, त्याला आधी कळवण्याचे बंधन धनकोवर का असावे? हप्ते थकले हे त्याला ठाऊकच असते. शिवाय बँकेचा पैसा म्हणजे आपल्याच म्हाताऱ्या माणसांच्या ठेवी. हे म्हणणे आपण हलके मानू नये.

जुन्या करारात, अनुवादाच्या 24 व्या अध्यायात, याचा विचार आहे. तारण घ्यायला गेलेल्या धनकोने ऋणकोच्या घरात शिरू नये, बाहेर उभे राहावे, वस्तू ऋणकोनेच बाहेर आणून द्यावी, असा तो नियम. कर्ज माफ करा, असे या ठिकाणी म्हटलेले नाही. पैसे देणे आहेच, पण देणेकरी झाला म्हणून घराचा उंबरठा त्याचा राहत नाही असे नाही.

आपल्याकडे 2002 च्या सरफेसी कायद्याने बँकांना कोर्टात न जाता तारण ताब्यात घेण्याचा अधिकार दिला. (शेतजमीन त्यातून वगळली आहे.) खाते थकीत ठरल्यावर बँकेने 60 दिवसांची नोटीस द्यायची, किती येणे आहे आणि कोणती मिळकत घेणार, हे तिच्यात लिहायचे. म्हणजे हप्ता चुकला हे कर्जदाराला माहीत असले, तरी हा आकडा आणि हा निर्णय त्याला नोटिशीतूनच कळतो. त्याने लेखी हरकत घेतली, तर बँकेने 15 दिवसांत कारणांसह उत्तर द्यायचे. हे उत्तराचे बंधन मूळ कायद्यात नव्हते. मार्डिया केमिकल्सच्या खटल्यात 2004 साली सर्वोच्च न्यायालयाने ते सांगितले, मग कायद्यात आले. त्याच निकालाने आणखी एक अट रद्द झाली: न्यायाधिकरणात दाद मागण्याआधी मागणीच्या 75 टक्के रक्कम भरण्याची. ज्याच्याकडे पैसे नाहीत म्हणून सारे घडले, त्याला 'आधी पाऊण रक्कम आण, मग ऐकतो' असे म्हणणे! ताबा घेतल्यावर 45 दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येते. लिलावाची सूचना प्रसिद्ध होण्याआधी सारे येणे खर्चासह भरले, तर घर वाचते.

एवढे सगळे असून नोटीस बहुधा कपाटात कपड्यांखाली जाते. बायकोला सांगितले जात नाही. जामीन राहिलेल्या मेव्हण्यालाही तसेच पाकीट आलेले असते, तोही गप्प. 60 पैकी 40 दिवस असे लाजेत जातात, आणि ती लाज काही बँकेने दिलेली नसते. आवारातल्या कुजबुजीचा तिच्यात वाटा किती, हे आपण स्वतःला विचारावे.

ज्यांच्या घरी असे पाकीट आले असेल, त्यांनी ते फोडून आधी तारीख पाहावी. मजकूर बहुधा इंग्रजीत असतो. आपल्या धर्मग्रामात वकील आहेत, बँकेतून निवृत्त झालेले आहेत. वाचून द्यायला कोणी नाही म्हणणार नाही.