अर्धी भाकरी आणि वैराग्य

सोलापुरातील बाळीवेशीत राहणाऱ्या आमच्या आत्याबाईंनी सत्तरी उलटल्यावर आपला आहार हळूहळू आवरता घेतला, तो अर्धी ज्वारीची भाकरी, चिमूटभर शेंगाचटणी आणि सायंकाळचे भांडेभर ताक येथवर, आणि कोणी आग्रह केलाच, तर "आता या देहाला काय करायचंय, बाळ?" असे म्हणून त्या ताटावर हात आडवा धरीत. आम्ही त्याला विरक्ती समजून मनोमन नमस्कार करीत होतो. एके दिवशी मात्र पाटावरून उठताना त्यांनी भिंत चाचपली, गुडघ्यावर तळहात रोवून दोनदा प्रयत्न केला आणि तिसऱ्यांदा निमूटपणे माझ्याकडे हात पुढे केला. तेव्हा तो दंड माझ्या मुठीत सहज मावला, आणि हे वैराग्य की आम्हा सर्वांच्या देखत झालेली हेळसांड, हा प्रश्न मला प्रथमच पडला.

मांसाशन वर्ज्य करणाऱ्या आमच्या लिंगायत घराचा नियम मला पूज्य आहे, आणि त्याची कैफियत कोणापुढे मांडण्याची गरज मला वाटत नाही. परंतु सर्व जीवांवर दया करताना स्वतःचा जीव तेवढा त्या दयेतून का वगळावा? इष्टलिंग ज्या देहावर धारण करायचे, आणि कायक म्हणजे श्रम हीच पूजा ज्या देहाने करायची, त्याचे बळ राखणे हे पूजेच्या साहित्याइतकेच आवश्यक आहे. यावर एक आक्षेप येतो आणि तो क्षुद्र नाही. बाराव्या शतकात तलाव व देवालये उभारण्यात मग्न असलेल्या सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांना शिवशरण अल्लमप्रभूंनी अंतर्मुख केले, अशी परंपरा आहे. मग उतारवयात देहाची चिंता हा मोहच नव्हे काय? मला वाटते, अल्लमप्रभूंना कर्तेपणाचा अभिमान गळायला हवा होता, मांडीतले बळ नव्हे. कारण ज्याला स्वतःहून उठता येत नाही, त्याचे चित्त दिवसभर गुडघ्यापाशीच घुटमळते, आणि देहाचा विसर पडावा म्हणून केलेला त्याग त्याला देहालाच जखडून टाकतो.

जैन परंपरेतील सल्लेखना, म्हणजे व्रत म्हणून केलेला अंतिम अन्नत्याग, ही गोष्ट निराळी. १९५५ साली आचार्य शांतिसागर महाराजांनी कुंथलगिरीवर अन्नत्याग केला, तो जाणतेपणी. भूक मंदावली, दात गेले आणि एकटीसाठी कोण शिजवणार, अशा कारणांनी ओसरत गेलेल्या जेवणाला त्या व्रताची सनद मिळत नाही.

देहाला किती अन्न लागते, याचा हिशेबही अवघड नाही. वृद्धाला दर किलो वजनामागे रोज एक ग्रॅम, किंबहुना थोडी अधिक प्रथिने हवीत, असे पोषणतज्ज्ञांचे मत आहे. म्हणजे पन्नास किलोच्या बाईला सुमारे ५० ग्रॅम. साठ ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीतून सहाएक ग्रॅम मिळतात, मूठभर शेंगदाण्यांतून, पेलाभर दुधातून किंवा वाटीभर घट्ट वरणातून तितकेच. ज्वारीत लायसिन हा घटक उणा असतो आणि डाळीत तो भरपूर असतो, म्हणून भाकरीची सोबत डाळीने करायची. अर्धी भाकरी आणि ताक यांची बेरीज दहालाही पोहोचत नाही. (मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र डॉक्टरांना विचारल्यावाचून प्रमाण वाढवू नये.)

पण नुसत्या अन्नाने स्नायू टिकत नाहीत, त्यांना काम द्यावे लागते. १९९० साली बोस्टनच्या संशोधकांनी नव्वदीच्या घरातील वृद्धांकडून आठ आठवडे वजन उचलण्याचा व्यायाम करवून घेतला, तेव्हा त्यांच्या पायांची ताकद सरासरी दुपटीहून अधिक वाढली. सोलापूरकराला यात नवल वाटू नये: सिद्धरामेश्वरांच्या संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत जे सात उंच, जड नंदीध्वज मिरवतात, ते पेलण्याचा सराव यात्रेचा बाराबंदी पोशाख अंगावर चढण्याच्या कितीतरी आधी सुरू होतो, आणि बळ सरावाने येते हे या गावाला शिकवावे लागत नाही. आत्याबाईंना नंदीध्वज पेलायचा नव्हता. पाटाऐवजी खुर्चीवरून हातांचा आधार न घेता दिवसातून दहा वेळा उठणे, एवढेच पुरे होते.

आम्ही त्यांना ते सांगितले, पण फार उशिरा. ज्यांच्या घरी अजून वेळ आहे, त्यांनी येत्या भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि पावटा, हरभरा, शेंगदाणे घातलेली भाजी घरातल्या वृद्धेला पोटभर वाढावी, तिच्यासमोर बसून जेवावे, आणि ताटावर आडवा आलेला हात हलकेच बाजूला करावा.