बांधून झाल्यावर

टांझानियाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जकाया किक्वेते यांनी २०१२ साली फर्मान काढलं: प्रत्येक वॉर्डातल्या माध्यमिक शाळेत भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राच्या तीन प्रयोगशाळा हव्यात. गावोगाव वर्गणी निघाली, भिंती चढल्या. पुढे बऱ्याच खोल्या साहित्यावाचून रिकाम्या राहिल्या.

म्हणजे भिंत बांधणं गावाला जमतं. मग रजा टाकून, पदरचे पैसे घालून परदेशातून येणारे स्वयंसेवक अभियंतेही भिंतीच का बांधतात? भिंत रजेत बसते आणि देणगीदाराला तिचा फोटो पाठवता येतो, हे त्याचं जरा अप्रिय उत्तर. ब्युरेटची तोटी गळू लागते तेव्हा मंडळी केव्हाच घरी पोचलेली असतात.

त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही, हिशेबाबद्दल आहे. दारात म्हैस बांधावी आणि वैरणीचा विचारच करू नये, असा तो हिशेब. आम्लं, सिल्व्हर नायट्रेट, स्पिरिट दर सत्राला संपतं, परीक्षानळ्या फुटतात, आणि हे सगळं सांभाळणारा सहायक पगार मागतो.

अभियंत्याची खरी गरज फोटोत न येणाऱ्या कामाला असते. छपरावरचं पावसाचं पाणी उंचावरच्या टाकीत साठवलं, तर वीज नसतानाही बेसिनला पाणी येतं. आम्लाचं सांडपाणी विहिरीकडे झिरपू नये, याची सोय लागते. आणि प्रत्येक सुटा भाग जवळच्या बाजारात मिळणारा हवा; परदेशी मापाचा एक जोड तुटला की अख्खी नळजोडणी बसते.

बुर्किना फासोतल्या गांदोचे फ्रान्सिस केरे यांनी बर्लिनमध्ये वास्तुकला शिकत असतानाच पैसे जमवून २००१ मध्ये गावात प्राथमिक शाळा उभारली. विटा मातीच्याच, थोडं सिमेंट घातलेल्या. पत्रा भिंतींपासून वर उचललेला, म्हणजे गरम हवा निघून जाते. माती पावसात टिकेल का, ही गावाची शंका त्यांना आधी फेडावी लागली. त्यांना मिळालेलं वास्तुकलेचं २०२२ चं प्रित्झकर पारितोषिक फार पुढचं. तेव्हा महत्त्वाचं होतं ते गावकऱ्यांनी स्वतः विटा पाडणं. भिंतीला तडा गेला तर काय करायचं, हे त्यांना ठाऊक होतं.

केनियात केरिको शाळेतल्या पीटर ताबिची यांना २०१९ चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा शाळेत संगणक एकच होता. तरीही त्यांच्या विद्यार्थ्यांनी स्थानिक वनस्पतींपासून वीज निर्माण करून दाखवली होती. अशा शाळेत आलेल्या अभियंत्याने टेप काढण्याआधी काही तास मागच्या बाकावर बसावं. कामांची यादी तिथेच तयार होते, आणि तिच्यात भिंत असेलच असं नाही.