छंदाचें मोल

छंदापासून पैसा मिळवावा कीं मिळवूं नये, हा प्रश्न आपल्या पांढरपेशा घरांतून मोकळेपणानें विचारला जात नाहीं. विचारण्यापूर्वींच त्याचें उत्तर ठरून गेलेलें असतें. ज्यांना पैशाची चणचण आहे ते म्हणतात, "मिळत असेल तर सोडतां कशाला?" आणि ज्यांना ती नाहीं ते म्हणतात, "आवडीच्या गोष्टीचा बाजार कशाला मांडतां?" आपल्या भाषेनेंहि या बाबतींत थोडा घोटाळाच करून ठेविला आहे. नोकरीबाहेरच्या प्राप्तीला ‘वरकमाई’ म्हणावें तर त्या शब्दाला लांचेचा वास येतो; ‘जोडधंदा’ म्हणावें तर डोळ्यांपुढें कोंबड्या आणि म्हशी उभ्या राहतात. दिवसाची नोकरी संभाळून रात्रीं स्वतःच्या हातांनीं एखादी मोडकी वस्तु चालती करणाऱ्या व मग ती विकून चार पैसे मिळविणाऱ्या गृहस्थाच्या कमाईला निर्मळ असा शब्द मला तरी सांपडलेला नाहीं.

असा एक गृहस्थ डोळ्यांसमोर आणावा. तो वाघोलीस राहतो. पुण्याहून नगरच्या रस्त्यानें जातांना लागणारें हें गांव एके काळीं वाघेश्वराच्या देवळासाठीं, पिलाजी जाधवरावांच्या समाधीसाठीं आणि दगडाच्या खाणींसाठीं ओळखलें जाई. 2021 सालीं तें पुणें महानगरपालिकेंत आलें. पण त्याच्या पुष्कळ आधींपासून तेथें उंच इमारती उठूं लागल्या होत्या. या इमारतींत राहावयास आलेल्या कुटुंबांपाशीं जुनें असें फारसें कांहीं नसतें. वाड्यांतला माळा नाहीं, अडगळीची खोली नाहीं, आजोबांची पेटी गांवाकडेच राहिलेली. आमचा गृहस्थ दिवसभर खराडीच्या कचेरींत यंत्रासमोर बसतो, आणि संध्याकाळीं उठतांना आज आपण काय केलें तें हातांत धरून दाखविण्याजोगें त्याच्यापाशीं कांहीं नसतें. म्हणून तो रविवारीं पुण्याच्या जुन्या बाजारांत जातो आणि बंद पडलेलें एखादें एच. एम. टी. ‘जनता’ घड्याळ घेऊन येतो.

या घड्याळाची निवड त्यानें उगीच केलेली नाहीं. 1961 सालीं बंगळुरास जपानच्या सिटिझन कंपनीच्या साह्यानें एच. एम. टी.नें मनगटी घड्याळें काढावयास सुरुवात केली, आणि पुढें कित्येक वर्षें परीक्षेंत पास झालेल्या मुलाला, लग्नांतल्या जांवयाला व निवृत्त होणाऱ्या कारकुनाला देण्याची वस्तु म्हणजे हें घड्याळ, असें समीकरणच होऊन बसलें. 2016 सालीं केंद्र सरकारनें हा घड्याळांचा कारखाना बंद करण्याचा निर्णय घेतला. रोज चावी द्यावी लागणारें हें यंत्र तसें साधें आहे. झांकण उघडावें, चिमट्यानें एकेक चक्र सुटें करावें, वाळलेलें तेल पेट्रोलनें धुऊन काढावें, तुटलेली कमान बदलावी, आणि सतरा खड्यांच्या त्या यंत्राला सुईच्या टोकावर मावेल इतकें नवें तेल द्यावें. मग चावीचे दोन वेढे देतांच थबकलेला बॅलन्स हलूं लागतो. त्या क्षणीं मनुष्याला जो आनंद होतो त्यांत पैशाचा विचार मुळींच नसतो, हें ज्यानें कधीं एखादी वस्तु दुरुस्त केली आहे त्याला सांगावयास नको.

पैशाचा विचार मागून येतो. पहिलें घड्याळ स्वतःच्या मनगटावर चढतें, दुसरें मेहुण्याला जातें, आणि आठव्या-दहाव्या घड्याळाच्या वेळीं कोणी अपरिचित मनुष्य विचारतो, "याचे काय घ्याल?" येथें कांहीं थोर मंडळी कानांवर हात ठेवतील. विद्येचा विक्रय करूं नये हें जुनें वचन त्यांना आठवेल. मला त्यांचें म्हणणें पटत नाहीं. किंमत घेतल्यानें काम हलकें होत नाहीं; पुष्कळदां तें अधिक चोख होतें. स्वतःच्या घड्याळांत रोज तीन मिनिटांचा फरक पडला तर छंदी मनुष्य तो कौतुकानें सोसतो; परक्याच्या घड्याळांत पडला तर त्याला झोंप येत नाहीं. अडचण किंमत घेण्यांत नाहीं. आपण नक्की काय विकीत आहों, हें न ओळखण्यांत आहे.

घड्याळाचें झांकण एकदां बंद झालें कीं गिऱ्हाइकाला दिसते ती केवळ तबकडी. आंतील चक्रें मूळचीं आहेत कीं तीन मेलेल्या घड्याळांतून गोळा केलेलीं आहेत, काटे त्याच घड्याळाचे आहेत कीं नाहींत, तबकडी कारखान्याची आहे कीं मागाहून रंगविलेली, हें त्याला समजण्याचा मार्ग नसतो. या अज्ञानावर एक मोठा व्यापार चालतो. कारखान्यानें कधींहि न काढलेल्या रंगांच्या तबकड्या जुन्या यंत्रांवर बसवून तीं घड्याळें ‘जुनीं’ म्हणून परदेशांतील शोकिनांना विकलीं जातात, ही गोष्ट संग्राहकांना चांगली ठाऊक आहे. तेव्हां असें घड्याळ विकणारा मनुष्य यंत्राइतकाच आपला शब्दहि विकीत असतो.

थीसियसच्या जहाजाची कथा प्लूटार्कनें सांगितली आहे. अथेन्सच्या लोकांनीं तें जपून ठेविलें, कुजेल ती फळी बदलली, आणि मग तें जहाज तेंच कीं दुसरें यावर तत्त्वज्ञांचे दोन पक्ष पडले. वाद मोठा गमतीचा आहे, आणि पावसाळ्याच्या संध्याकाळीं घालण्यास उत्तम आहे. पण अथेन्सकरांनीं तें जहाज विकावयास काढलें असतें तर प्रश्न एका क्षणांत बदलला असता. मग कोणत्या फळ्या बदलल्या हें गिऱ्हाइकाला सांगितलें कीं नाहीं, एवढेंच कोणीं विचारलें असतें.

सांगावें तरी किती? सिसेरोनें ख्रिस्तपूर्व 44 सालीं कर्तव्यांवर लिहिलेल्या ग्रंथाच्या तिसऱ्या भागांत याचा खल केला आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे. एक व्यापारी धान्याचें जहाज घेऊन प्रथम पोंचला आहे. मागून आणखी जहाजें येत आहेत हें त्याला माहीत आहे. त्यानें तें सांगावें काय? डायोजेनीस म्हणतो, कायद्यानें सांगावयास लाविलेले दोष सांगावे. बाकी मौन म्हणजे फसवणूक नव्हे. अँटिपेटर म्हणतो, विकणाऱ्याला ठाऊक तें घेणाऱ्याला ठाऊक असलेंच पाहिजे. सिसेरोचा कौल अँटिपेटरकडे आहे. मला मात्र डायोजेनीसची थोडी कींव येते. ज्याचें पोट दुकानावर आहे त्याला सगळेंच बोलून कसें चालेल, असें त्याच्या बाजूनें म्हणतां येईल. परंतु वाघोलीच्या आमच्या गृहस्थाला ही पळवाट नाहीं. महिन्याच्या अखेरीस पगार ज्याच्या नांवावर जमा होतो, त्याला गरजेची सबब सांगतां येत नाहीं.

ही पगाराची गोष्ट दुसऱ्याहि बाजूनें पाहावी लागते, आणि ती बाजू मला अधिक बोंचते. जिन्याखालच्या चिंचोळ्या जागेंत डोळ्याला भिंग लावून बसलेला घड्याळजी भाडें, वीजबिल आणि मुलांची फी त्याच भिंगांतून काढतो. एका ‘जनता’वर सहा तास घालविणें त्याला परवडणारें नाहीं. छंदी मनुष्य सहा तास आनंदानें घालवितो, त्या तासांचें कांहींच धरीत नाहीं, आणि सुट्या भागांच्या खर्चावर शंभर-दोनशें रुपये ठेवून घड्याळ देऊन टाकतो. त्याला वाटतें आपण उदार आहों. मग तेंच गिऱ्हाईक घड्याळजीला जाऊन सांगतें, "अहो, एवढ्यांत तर आख्खें घड्याळ मिळतें." कोणी म्हणेल, घड्याळजी तरी आतां ही कामें कोठें घेतो? सेल बदलून मोकळा होतो. यांत तथ्य आहे. पण तो तीं कामें कां सोडून बसला, याच्या अनेक कारणांत हेंहि एक नसेल काय? माझें मत असें आहे कीं छंदी मनुष्यानें आपल्या तासांची किंमत घड्याळजीच्या दरानें धरावी, आणि तेवढ्यांत कोणी घेत नसेल तर घड्याळ खुशाल घरीं ठेवावें.

ज्याच्याकडून वस्तु घेतली त्याचाहि विचार आहेच. कौटिल्यानें अर्थशास्त्राच्या कण्टकशोधन या अधिकरणांत, जुन्या मालाची विक्री मालकी शुद्ध ठरल्यावरच होऊं द्यावी असें सांगून ठेविलें आहे. आजचा कायदा याबाबत बराच मोघम आहे. 1972 च्या पुरावस्तूंच्या कायद्यानें शंभर वर्षांपलीकडील पुरावस्तूंचा व्यापार करावयास परवाना लागतो. ‘जनता’ला तेवढें वय व्हावयास अवकाश आहे. जुन्या बाजारांतला विक्रेता आपलें हित जाणतो, त्याच्याशीं घासाघीस करण्यांत पाप नाहीं. पण शेजारच्या आजी यजमानांचें घड्याळ पुढें करून "घेऊन जा रे बाबा, पडूनच आहे" म्हणतात, तेव्हां त्याचें काय येईल हें त्यांना आधीं सांगावें लागतें. सांगितल्यावर पुष्कळदां आजी तें परत पेटींत ठेवतात.

असा मनुष्य प्रत्येक घड्याळाबरोबर एक चिठ्ठी देतो: यंत्र मूळचें, कमान नवी, काटे दुसऱ्या घड्याळाचे, तबकडी पुन्हां रंगविलेली, काम सहा तास. चिठ्ठी वाचून निम्मीं गिऱ्हाइकें परत जातात. दुसरीकडे चिठ्ठीवांचूनचें घड्याळ स्वस्त मिळतें. न गेलेलीं घड्याळें वाघोलीच्या त्या घरांत कपाटावर ओळीनें राहतात, आणि रोज सकाळीं कचेरीस निघण्यापूर्वीं त्या सगळ्यांना चावी देण्यांत त्याचीं दहा मिनिटें जातात.